कमरपट्ट्याची सॅक

सॅक चांगली की वाईट हे दुकानात कळत नाही. लग्नात सगळ्याच नवऱ्या छान दिसतात, तशा दुकानात सगळ्याच सॅक छान दिसतात. चढावर घाम मानेवरून पाठीत उतरायला लागला की मग तिचे खरे गुण कळतात. हे मी पनवेलमध्ये इतक्या जणांना ऐकवलं आहे की लोक खरेदीला जायच्या आधी माझ्याकडे यायचे, आणि माझं न ऐकता घेतलेली वस्तू फसली की महिनाभर माझ्या दारावरून जायचं टाळायचे.

मी सुमती. शाळेत मुलांना कवायत आणि खेळ शिकवून निवृत्त झाले, पण ‘बाई’ हे नाव चिकटलं ते चिकटलंच. नोकरीत असतानाच मी एक रविवार मंडळ काढलं होतं. त्याला ना कचेरी, ना पाटी, ना अध्यक्ष. थंडीच्या दिवसांत कर्नाळा, माणिकगड, इर्शाळ, प्रबळ असे आमच्याच अंगणातले डोंगर चढायचे, आणि जमलं तर शनिवारी जाऊन वर मुक्काम करायचा. त्या दिवसांत, म्हणजे नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमाराला, आमचं सामान म्हणजे लष्कराच्या जुन्या मालातल्या कॅनव्हासच्या सॅक, हंटर बूट आणि दव पडलं की दोघांनी उचलावा लागणारा तंबू. सॅक रिकामी असतानाच खांदे ओढायची. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसली गत.

मंडळाचे नियम दोनच, आणि दोन्ही माझेच. पहिला, स्वतःची सॅक स्वतः भरायची नाही. आदल्या संध्याकाळी माझ्या घरी सतरंजीवर सगळं सामान मांडायचं आणि एकाची सॅक दुसऱ्याने भरायची. कारण माणसाला स्वतःची एकही वस्तू जास्तीची वाटत नाही. एकजण प्रबळगडावर इस्त्री केलेला शर्ट घेऊन आला होता, तेव्हापासून हा नियम. भरणाऱ्याने काय काढलं, काय ठेवलं हे विचारायचं नाही, आणि मुक्कामाला पोचेपर्यंत सॅक उघडायची नाही. दुसरा नियम, तांदूळ, डाळ, भांडी, दोर हे सगळ्यांचं सामान समान वाटून घ्यायचं. ज्याला आपला वाटा पेलत नाही त्याने घरी थांबायचं. गडावर कोणी कोणाचा हमाल नाही. या नियमापायी दोन-तीन माणसं मंडळातून गळली. मला वाईट वाटलं, पण नियम म्हणजे नियम.

आणि मग त्या पावसाळ्यात माझाच उजवा गुडघा बोलायला लागला. डॉक्टर म्हणाले, “डोंगर बंद नका करू बाई, ओझं बंद करा.” त्यांना काय माहीत, आमच्या मंडळात ओझं बंद म्हणजेच डोंगर बंद. मी कोणाला काही सांगितलं नाही.

अशात दिवाळीनंतर मितेश आला. बाजारात त्यांचं छत्र्या आणि शाळेच्या दप्तरांचं दुकान. वडील गल्ल्यावर, हा मागच्या खोलीत शिलाई मशीनवर. त्याच्या आतेभावाने परदेशातून आणलेली एक सॅक पठ्ठ्याने शिवणन् शिवण उसवून पाहिली आणि तशी एक स्वतः शिवली होती. हलकं नायलॉन, पाठीला आतून अॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या आणि खाली जाड कमरपट्टा.

“बाई, वजन खांद्यावर नाही, कमरेवर बसतं,” तो म्हणाला. “पप्पा म्हणतात, सुमतीबाईंनी वापरून हो म्हटलं तर कापडाचा तागा आण. नाही म्हटलं तर गुपचूप दप्तरं शीव. तुम्ही बोललात तर दादरपर्यंतची ट्रेकवाली पोरं घेतील.”

पोरगा चांगला. हात चांगला, टाका बारीक. पण मी काही त्याच्यासाठी हरखले नव्हते. खांद्यावरचं निम्मं ओझं खरंच नाहीसं होत असेल तर माझी अजून पाच-सात वर्षं निघणार होती. ती सॅक चांगली निघायला मितेशइतकीच मलाही हवी होती. परीक्षकाला असं काही हवं असू नये, हे मला कळत होतं.

प्रबळमाचीचा मुक्काम ठरला. आम्ही चौघंच. मी, अंकुश, शकू आणि सॅकचा बाप म्हणून मितेश. अंकुश जवळच्याच ओवे गावचा, माझा जुना विद्यार्थी, आता स्वतः बापमाणूस झालेला. शकू उरणकडच्या मिठागरवाल्यांच्या घरातली, लग्न होऊन पनवेलला आलेली. पोळीभाजीचं दुकान चालवते आणि मला एकटीच उलट बोलते. संध्याकाळी सतरंजी पसरली. माझ्या वाट्याला तांदूळ, डाळ आणि बटाटे आले. माझी सॅक शकूने भरली आणि मी नियमाप्रमाणे पाठ फिरवून चहा करायला गेले.

सकाळी एसटीने ठाकूरवाडीला उतरलो. सॅक पाठीवर घेतली, कमरपट्टा आवळला, आणि मला हसूच फुटलं. ओझं होतं, नाही असं नाही, पण ते माझं वाटतच नव्हतं. पहिल्या चढाला गुडघा गप्प. दुसऱ्या चढाला गुडघा गप्प. माझा वेग पाहून अंकुश म्हणाला, “बाई, हळू चला, पोराचा दम निघलाय.” मितेश खरंच खाली कमरेवर हात ठेवून उभा होता. आयुष्यभर दुकानात बसणाऱ्याला दुरून डोंगर साजरे.

अर्ध्या वाटेवर सावलीला बसलो तेव्हा मला राहवलं नाही. “मितेश,” मी म्हटलं, “तागा आण. पंचवीस वर्षं डोंगर चढतेय, अशी सॅक पाठीला लागली नाही. पाठीवर काही आहे असं वाटतच नाही रे.”

त्याचा चेहरा असा उजळला की त्याची दमणूकच पळाली. शकू मात्र बूट सोडून खडा शोधत बसली होती, आणि अंकुश समोरच्या कलावंतिणीच्या सुळक्याकडे पहिल्यांदाच बघितल्यासारखा बघत होता. तेव्हाच शंका यायला हवी होती. आली नाही. माणसाला जे हवं असतं ते त्याच्या पाठीलाही पटतं.

माचीवर गोमा आणि चिंधीच्या अंगणात आमचा नेहमीचा तळ. दोघं ठाकर, नवरा-बायको, थोडी नाचणी पिकवतात, उरलेल्या दिवसांत मजुरीला खाली उतरतात. चिंधीने चूल पेटवून दिली आणि मी ऐटीत म्हटलं, “थांब, तांदूळ माझ्याकडे आहेत.”

सॅक उघडली. वर माझं पांघरूण. त्याखाली एक फुगलेली पिशवी. ओढून काढली, तर कुरमुरे. तिच्याखाली आणखी एक पिशवी. कुरमुरे. तळाशी तिसरी. अख्खी सॅक कुरमुऱ्यांनी टम्म भरली होती.

चिंधी वाकून बघत म्हणाली, “बाई, आज भेळ हाय काय?”

कोणी हसलं नाही. शकूने आपल्या सॅकमधून तांदूळ काढले, अंकुशने डाळ आणि बटाटे काढले, आणि दोघांनी ते मुकाट्याने चुलीपाशी नेऊन ठेवले. मला भयंकर राग आला. राग म्हणतेय, पण त्यात लाज किती आणि राग किती ते मला तेव्हाही वेगळं करता आलं नाही.

“कोणी सांगितलं होतं हे?” मी विचारलं.

“सांगाला कशाला लागतंय?” शकू म्हणाली. “जिना उतरताना कठडा धरता तुमी. तुमचा गुडघा आमाला दिसत नाय काय?”

“तुम्हाला बोललो असतो तर तुमी आल्याच नसत्या बाई,” अंकुश खाली बघत म्हणाला. “घरी बसल्या असत्या. तुमच्याबिगर आमी काय करू इथं येऊन?”

“म्हणजे नियम मोडलात.”

“कुठला मोडला?” शकू कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “भरणाऱ्याला विचारायचा नाय, ह्योच नियम हाय ना तुमचा? मी भरली. आता विचारू नका.”

तेवढ्यात मागून मितेशचा आवाज आला, अगदी हळू. “म्हणजे बाई, सॅक...?”

त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याच्या सॅकची परीक्षा कुरमुऱ्यांवर झाली होती. आपला तागा, दादरची पोरं, पप्पांचा होकार, सगळं त्या तीन पिशव्यांत गेल्यासारखा तो अंगणाच्या कडेला बसून राहिला. मला स्वतःची लाज बाजूला ठेवावीच लागली.

“उद्या उतरताना,” मी म्हटलं. “खरं वजन घालून. मग सांगते.”

चिंधीची एक लेक खाली ठाकूरवाडीत दिलेली होती. तिच्याकडे नाचणी पोचवायचीच होती. सकाळी ती नाचणी मी माझ्या सॅकमध्ये घातली, अगदी पूर्ण वाट्याइतकी, आणि माझ्या हातांनी. पहिला नियम असा मी स्वतःच मोडला. अंकुश पुढे सरकला होता, पण मी बघितलं तसा मागे झाला.

उतार सुरू झाला आणि मी एकेक गोष्ट मितेशला सांगत गेले. तो माझ्या मागोमाग चालत ऐकत होता. कमरपट्टा खरंच काम करतो, खांद्यात बोटं जातात इतकी जागा राहते. पट्ट्या पाठीला बोचत नाहीत. पण बक्कल सरकतं, दर थोड्या वेळाने आवळावं लागतं, ते बदल. पाठीच्या मधोमध शिवण आलीय, घामाने चोळते, ती कडेला घे. वरच्या झाकणाची दोरी आखूड आहे. तो प्रत्येक वाक्याला “हो बाई” म्हणत होता आणि माझा श्वास ऐकत होता. सगळेच ऐकत होते.

मुरमाच्या घसरणीवर गुडघ्याने सरळ नाही म्हटलं. दुखणं वेगळं, आणि पाय खाली टेकवताना तो आपला नसल्यासारखा वाटणं वेगळं. मी एका दगडावर बसले. अंकुश आणि शकू चार हात अंतरावर उभे राहिले. माझ्या सॅकला हात लावायची कोणाची छाती झाली नाही.

मितेश मात्र समोर येऊन उकिडवा बसला. “बाई, वजन पायावर येतं का? सॅकमुळे होतंय का?” त्याने विचारलं. “खरं सांगा. वाईट असेल तर वाईट म्हणा.”

किती सोपं होतं. ‘हो रे, कमरेवर बसलेलं वजन उतारावर गुडघ्याला लागतं,’ एवढं म्हटलं असतं तर कोणी शंका घेतली नसती. पंचवीस वर्षांचा माझा शब्द. सॅक वाईट ठरली असती, माझा गुडघा अब्रूनिशी घरी गेला असता, आणि पुढच्या रविवारी मी काहीतरी सबब काढून मंडळात राहिले असते. हा पोरगा आपला दप्तरं शिवत बसला असता. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. ते नाकारायला मला वेळ लागला.

“सॅक चांगली आहे मितेश,” मी म्हटलं. “बक्कल आणि शिवण बदल, बाकी काही करू नकोस. माझ्या कॅनव्हासच्या सॅकमध्ये हे वजन असतं तर मी इथवरही आले नसते. गुडघा माझा गेलाय. तो सॅकच्या आधीच गेला होता.”

त्याने माझ्या पावलाला हात लावला आणि पटकन उठून दुसरीकडे बघायला लागला.

मग मी कमरपट्टा सोडला. सॅक दगडाला टेकवली. “शकू,” मी हाक मारली. पुढचे शब्द मी आयुष्यात कोणाला म्हटले नव्हते, त्यामुळे ते नीट आलेही नाहीत. “नाचणी... जरा घेतेस का? मला नाही जमत.”

मला वाटलं ती काहीतरी बोलेल. बोलायचा हक्कच होता तिला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, एवढं जरी म्हणाली असती तरी मी ऐकून घेतलं असतं. ती आली, सॅक उघडली आणि नाचणीची गोणी काढून अंकुशकडे दिली. त्याने पंचा पसरला, त्यावर निम्मी-अधिक नाचणी ओतून गाठोडं बांधलं आणि आपल्या सॅकवर आवळलं. उरलेली गोणी शकूने हातात तोलली, आणखी थोडी काढून आपल्या पिशवीत भरली, आणि पुन्हा तोलली. तिला जे हवं होतं ते वजन हाताला लागेपर्यंत ती तसंच करत राहिली. मग उरलेलं माझ्या सॅकमध्ये परत ठेवून तिने झाकण बांधलं.

“सगळा नाय काढला,” ती म्हणाली. “येवढा जमंल तुमाला?”

इतक्या वर्षांत आम्ही समान वाटे केले, पण ‘एवढं जमेल का’ हे कोणी कोणाला कधी विचारलं नव्हतं. मी सॅक उचलून पाहिली. पाठीवर घेतली आणि पट्टा आवळला.

“जमेल,” मी म्हटलं, आणि आम्ही उतरायला लागलो.