चौथ्या लेनचा अंगठा

अमरावतीच्या जलतरण तलावावर सकाळी सातला गीतांजलीनं सहाव्या लेनचं बटण दाबलं, टेबलावरच्या लॅपटॉपात सहाचा आकडा हिरवा झाला आणि तिनं मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. का घेऊ नये? मूर्तिजापूरकडच्या फुलशेतीवाल्याची ही पोर. वडील देवीदास पहाटे झेंडू घेऊन राजापेठेकडे निघाले, तेव्हा त्याच गाडीत क्रेटांच्या मधोमध वेळ मोजायच्या यंत्राच्या दोन पेट्या ठेवून ती आली होती. सहा बटणं, एक भोंगा, एक दिव्यांचा फलक, आणि वायर कुठे म्हणजे कुठेच नाही. सिग्नल पकडणारी डबी तेवढी तिनं जीवरक्षकाच्या उंच खुर्चीला सुतळीनं बांधली. मध्ये माणसं आली की सिग्नल अडतो, आणि आपल्याकडे स्पर्धा म्हटली की टेबलापुढे माणसं उभी राहणारच, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

यंत्राचा तिला भरवसा होता. भरवसा नव्हता तो डोमाजी सरांचा.

डोमाजी सर मुख्य पंच. तीस वर्षं या तलावावर त्यांच्या गळ्यात स्टॉपवॉच लोंबत आलेलं, आणि वेळेच्या बाबतीत नाकावर माशी बसू न देणारा माणूस. यंदा राज्य स्पर्धेला फक्त यंत्रावर मोजलेली वेळ चालणार होती. आजच्या निवड स्पर्धेत यंत्र चाललं नाही, तर अमरावती-अकोल्याच्या दीडशेवर पोरांना दुसऱ्या कुठल्या तरी शहरात जाऊन पुन्हा पोहावं लागलं असतं, आणि त्यातली निम्मी गेलीच नसती. सरांनी अट घातली होती, आठच्या आत एक चाचणी. ती नीट झाली तर यंत्र, नाही तर आपलं घड्याळ बरं.

सहा शाळांचे सहा पीटीचे शिक्षक टाइमकीपर म्हणून लेनच्या टोकाला उभे राहिले. गीतांजलीनं एकेकाच्या हातात बटण दिलं आणि समजावलं, "भोंगा वाजला की घड्याळ आपोआप सुरू होते. तुमी फक्त पोरगं भिंतीले टेकलं की दाबायचं. एकदाच."

"समजलं, समजलं," सगळे म्हणाले. न समजलेलीच माणसं इतक्या घाईनं समजतात.

भोंगा वाजला. सहा पोरांनी पाण्यात उड्या घेतल्या. ती पाण्याला टेकायच्या आतच फलकावर सहाही वेळा झळकल्या. ०.३१, ०.२६, ०.३४, असंच खालीपर्यंत.

"वा!" डोमाजी सर मोठ्यानं म्हणाले. "आपले पोरं तं भोंगा वाजताच पलीकडं पोचले! मासे झाले का बावा?"

गॅलरीतले पालक खदखदून हसले. गीतांजलीच्या कानशिलांत रक्त चढलं, पण तिनं लॅपटॉपवरून नजर हलवली नाही. भोंग्यानंतर पाव-एक सेकंदात सहाही बटणं दाबली गेली होती. यंत्र बिघडलं असतं तर सहाच्या सहा असं एका ओळीत बिघडलं नसतं. भोंगा झाला की स्टॉपवॉच सुरू करायला अंगठा दाबायचा, हे या माणसांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की दाबल्याचं त्यांना कळलंही नव्हतं.

पहिले पंधरा सेकंद बटणं बहिरी करायची सोय यंत्रात होती. सरांची नजर चुकवून तिनं ती लावली असती, तर काम भागलं असतं. पण मग सर दिवसभर प्रत्येक वेळेकडे संशयानं पाहत राहिले असते, आणि त्यांच्या सहीशिवाय त्या वेळेला कवडीची किंमत नव्हती.

ती सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "सर, मशीन चांगली हाये. चार नंबरचं बटण तुमी घ्या. बाकीच्यायनं आपापली बटणं खाली ठेवा."

"मी घेतो ना! मले काय शिकवून राहिली?"

सर चौथ्या लेनवर ताठ उभे राहिले. या वेळी पाण्यात कुणीच उतरलं नाही. गीतांजलीनं भोंगा वाजवला. फलकावर एकच ओळ उजळली. लेन चार, ०.२७.

"पाहा!" सर गरजले. "मी हातबी नाई लावला आन् आकडा आला! बिघडेल हाये थे!"

"सर," ती हळू म्हणाली, "अंगठा पाहा."

सरांनी खाली पाहिलं. उजवा अंगठा बटणावर अजून घट्ट रुतलेला होता.  सहाही शिक्षक आपापल्या अंगठ्यांकडे पाहू लागले. सरांचा चेहरा आधी लाल झाला, मग कसानुसा झाला, आणि मग ते स्वतःच हसत सुटले.

"तीस वर्षाची खोड हाये पोरी, अशी एका दिवसात जाते का? लाव काय लावायचं थे. पण माहं घड्याळबी सोबत चालंन."

तिनं पंधरा सेकंदांची सोय लावली. चौथी लेन सरांनी सोडली नाही. उजव्या हातात घड्याळ, डाव्या हातात बटण घेऊन ते उभे राहिले.

पहिलीच हीट, म्हणजे प्राथमिक फेरी, मुलींच्या पन्नास मीटरची. चौथ्या लेनमध्ये पौर्णिमा होती, सरांनी स्वतः तयार केलेली पोर. राज्य स्पर्धेसाठी एकतीस पॉइंट पन्नासच्या आत यायचं होतं. ती जीव तोडून आली, भिंतीला टेकली, आणि सरांचे दोन्ही अंगठे एकाच क्षणी दाबले गेले.

फलकावर ३१.६९. सरांच्या घड्याळात ३१.४१.

हे दुसरं फक्त सरांना दिसलं, आणि सिग्नल पाहायला जवळ आलेल्या गीतांजलीला.  आता सर म्हणतील घड्याळ खरं, आणि सगळं मुसळ केरात जाईल. नोंदीला बसलेल्या करिश्मा मॅडमनी विचारलं, "सर, चार नंबरची कोणती लिहू?"

सर घड्याळाकडे बघत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "गीता, भोंगा ऐकूनच हा अंगठा दबते ना?"

"हो सर. सगळ्यायचाच. तेवढा उशीर होतेच."

"म्हंजे घड्याळ उशिरा सुरू होते. हा पाव सेकंद पोरीचा नाई. माह्या अंगठ्याचा हाये." त्यांनी मान वर केली. "मॅडम, मशीनची लिवा. सगळ्यायची मशीनचीच लिवा."

गीतांजलीला एकदम भरून आलं. जिंकल्याचा आनंद होता, पण सरांनी तो कशाच्या मोलानं दिला हे तिला समोर दिसत होतं.

सर उकिडवे बसले. "एकतीस एकोणसत्तर, पौर्णिमा. नाई झालं बेटा."

पौर्णिमानं तोंडावरचं पाणी पुसलं. "दुपारी फायनल हाये ना सर?"

"हाये."

"मंग तुमी काहून तोंड पाडून बसले?"

 सर उठले, गळ्यातलं घड्याळ काढून करिश्मा मॅडमच्या टेबलावर ठेवून आले, आणि पुढच्या हीटसाठी बटण उजव्या हातात घेऊन उभे राहिले.