फेरतपासणीचा दर

आमच्या वॉर्ड ऑफिसात खरं लिहिणारा मी एकटाच निघालो, आणि तेच मला भोवलं.

गेल्या वर्षी वरून फर्मान आलं. इमारतींच्या तपासणीला येणारा खर्च आता नियम मोडणाऱ्यांकडूनच वसूल करायचा. जुनी फी वीस वर्षांपूर्वीची, ती बदलायची. त्यासाठी प्रत्येक तपासनिसाने तीन महिने तक्ता भरायचा: कुठे गेलो, किती फेऱ्या मारल्या, किती वेळ लागला. बाकीच्यांनी तक्ते कोरेच परत दिले. मी मात्र हरिश्चंद्राचा अवतार! मालनमावशीच्या खानावळीच्या नावापुढे लिहिलं, तीन फेऱ्या, प्रत्येकी दोन तास.

दोन तास लागायचेच. लालबागच्या चाळीत तळमजल्यावर तिची खानावळ, आणि जेवणाऱ्यांचं लांब बाकडं कायम पॅसेजमध्ये. वाट अडते, उद्या आग लागली तर माणसं अडकतील, हे नियमात आहे आणि खरंही आहे. पण नियम सांगायची आमची एक रीत होती. पहिल्या फेरीला तोंडी सांगायचं. दुसरीला आवाज चढवायचा. तिसरीला नोटिसांचं पुस्तक नुसतं बाहेर काढायचं, की बाकडं आत जायचं. सहा महिन्यांनी ते पुन्हा बाहेर यायचं आणि मीही पुन्हा जायचो. सव्वीस वर्षं हेच चाललं. तिच्या नावाची नोटीस एकदाही फाडली नाही.

ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. मला बघताच मावशी आतून ओरडायची, "इलंस काय रे झिला? बस आधी." मग च्या, मग कुळथाची पिठी आणि भात, आणि मग माझ्या बाबांच्या आठवणी. गिरणीची पाळी सुटली की बाबा तिच्याकडेच जेवायला बसत. ते गेले तेव्हा मी आठवीत होतो. त्यांचं चालणं-बोलणं सांगणारं दुसरं कोणी आता उरलेलं नाही. "रामजी भात कधी मागायचो नाय रे, मीच वाढायची." हे मी शंभरदा ऐकलं असेल. एकशे एकाव्यांदाही ऐकायची माझी तयारी होती.

नवे दर ठरले. हिशेब खात्यातल्या वैदेही मॅडम, वयाने माझ्या निम्म्या, कौतुकाने म्हणाल्या, "अजितराव, तुमच्या तक्त्यामुळेच काम झालं. भरलेला तेवढा एकच होता ना!" पहिली फेरी फुकट, दुसरीपासून शुल्क, आणि त्याचा दर माझ्या दोन तासांवर बसवलेला.

दुसऱ्याच दिवशी मावशीकडे गेलो. म्हटलं, "मावशी, आता बाकड्यासाठी मी दुसऱ्यांदा आलो की तुला भुर्दंड पडणार." दर कसा ठरला, तेही सांगून टाकलं. लपवून काय करणार होतो?

तिने विचारलं, "म्हणजे माझी च्या पिलंस, तो टाईम पण धरलंस?"

धरला होताच. लाज वाटली, आणि खोटं लिहिलं असतं तर बरं झालं असतं, असंही वाटलं.

मावशी चिडली नाही. चिडली असती तर परवडलं असतं. तिने सुनेला हाक मारली. मनाली आली, दोघींनी बाकडं उचलून आत नेलं, भिंतीला उभं केलं आणि पॅसेज झाडून घेतला.

"बघून घे नीट. आणि लिही."

फॉर्मात शेवटचा रकाना असतो, फेरतपासणी आवश्यक आहे काय? मी 'नाही' लिहिलं. सगळं मिळून अकरा मिनिटं झाली होती.

"जा बाबा आता, मीटर पडात," ती हसत म्हणाली. च्या विचारली नाही.

चपला घालताना मी म्हटलं, "मावशी, मी असाच येईन की. कामाशिवाय."

"सव्वीस वर्षांत कधी इलंस?"

तिने टोमणा मारला नव्हता, नुसतं विचारलं होतं. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून खरंच आठवून पाहिलं. तिचा नवरा गेला, तेव्हासुद्धा मी काखेत फाईल घेऊनच गेलो होतो.