वळचणीची कपबशी

ब्याण्णव सालची गोष्ट. विजयसिंहाची छाती त्या दिवशी वीतभर फुगली होती. का नाही फुगणार! थेट पॅलेस्टाइनचा बस्साम त्याच्या ओसरीवर मांडी घालून बसला होता. बस्सामच्या गावावर परक्या फौजेचा ताबा, रस्त्यारस्त्यावर शिपाई. पुण्याच्या कॉलेजात बस्साम, विजयसिंह आणि विजयसिंहाच्याच गावचा धम्मदीप, या तिघांनी शांतता मंच काढला होता. तिघं एका ताटात जेवायचे. संध्याकाळी बारामतीत सभा होती. बस्साम इंग्रजीत बोलणार आणि धम्मदीप ते मराठीत सांगणार. भिगवणला रेल्वेतून उतरून तिघं आधी विजयसिंहाच्या घरी आले होते.

विजयसिंहाचे वडील आबासाहेब तक्क्याला टेकून पाव्हण्याकडं कौतुकानं बघत होते. "फौजेनं लई गांजलंय म्हणं ह्यास्नी," असं म्हणून हळहळलेसुद्धा.

आई कुशाबाई चहा घेऊन आली. ट्रेमध्ये फुलाफुलांचे तीन कप. चौथा तिनं गोठ्याच्या वळचणीतून बशीसकट काढला, कान तुटलेला. त्यात वरूनच चहा ओतून तो धम्मदीपसमोर जमिनीवर ठेवला. धम्मदीप बौद्धवाड्यातला, आणि घरची रीत तशी होती. विजयसिंहाला ती जन्मापासून ठाऊक. पण पाव्हणा आणायच्या नादात गडी साफ विसरला, बघा!

'आई, हे काय?' एवढंच म्हणायचं होतं. पण समोर बाप बसलेला. त्यानं आपला कप तोंडाला लावला. पुण्यातल्या सभांत त्याची जीभ काय चुरूचुरू चालायची!

धम्मदीपनं गुमान चहा पिला, अंगणात जाऊन कपबशी विसळली आणि वळचणीत खोचली. ते बघून बस्सामही आपला कप घेऊन उठला.

"अगं बया! पाव्हण्यानं कप धुवायचा असतो व्हय?" कुशाबाईनं तो हातातून काढून घेतला.

"माझा घेतला, मग त्याचा का नाही?" बस्सामनं विजयसिंहाला इंग्रजीत विचारलं.

विजयसिंह वाकून ट्रे सरळ करायला लागला. शेवटी धम्मदीपच हसून म्हणाला, "अरे, मी घरचाच. तू पाहुणा."

ज्याचा अपमान झाला, त्यानंच झाकून घेतलं. विजयसिंहाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बस्साम हसला नाही. "शिपाई भर रस्त्यात माझ्या वडिलांना खिसे उलटे करायला लावतात ना, तेव्हा वडील असंच हसून मला सांगतात, काही नाही रे, ओळखीचे आहेत. विजय, संध्याकाळी मी काय बोलू? तूच सांग."

"काय म्हणतुय पाव्हणा?" आबासाहेबांनी विचारलं. त्यांना इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. खरं सांगून टाकायची हीच वेळ होती.

"काय न्हाय आबा," विजयसिंह म्हणाला, "चहा फक्कड झालाय म्हणतुय."

आबासाहेब खूश झाले. पण धम्मदीपला दोन्ही भाषा येत होत्या. त्यानं पिशवी खांद्याला लावली आणि बस्सामला म्हणाला, "चल, सभेला उशीर होईल."

दोघं अंगण ओलांडून गेले. विजयसिंहाला कुणी चल म्हटलं नाही.