आत्याआजी आणि तिचा एक्याऐंशी वर्षांचा नातू

रुआन पेइझेनबाईंनी कुलमंदिराच्या उंबऱ्यातच कंबरेत वाकून शौकुइ आजोबांना नमस्कार केला आणि जेवणाच्या साऱ्या टेबलांवरची बडबड थांबली. मग कोपऱ्यात कुणीतरी फस्सकन हसलं. म्हातारा मात्र पांढराफटक पडला. काठी टाकून तो इतक्या घाईनं पुढे आला, की सून श्युएहेनं त्याची बाही धरली म्हणून बरं.

"आत्याआजी, अहो काय करताय हे? थोरल्यांनी वाकलं तर धाकट्याचं आयुष्य घटतं. माझं उरलंय ते किती, त्यातून तुम्ही कापून नेणार?"

"पण आजोबा, मी तुमच्यापेक्षा अठरा वर्षांनी..."

"आजोबा कुणाला म्हणता? नातू आहे मी तुमचा."

आता मात्र सगळं अंगण हसायला लागलं. पेइझेनबाईंचे कान लाल झाले. विद्यापीठात चाळीस वर्षं त्यांनी जुन्या काळच्या लोकसंख्येचा इतिहास शिकवला. घराण्याच्या थोरल्या शाखेतली पोरं लवकर लग्नं करतात, त्यांच्या पिढ्या भराभर पुढे धावतात. शेंडेफळांची शाखा रेंगाळते. तीनशे वर्षांनी एकाच घरातली तान्ही पोरं म्हाताऱ्यांचे काका होऊन बसतात. यावर त्यांचा भला मोठा लेख होता, आलेखांसकट. त्यांचे बाबा शेंडेफळाचं शेंडेफळ आणि शौकुइ थोरल्याच्या थोरल्याचा थोरला, हे त्यांना पाठ होतं. फक्त ते आपल्यालाही लागू पडतं, हे काही डोक्यात आलं नव्हतं. शिकलेल्या माणसांचं असं होतं.

त्यांना ओढत नेऊन मानाच्या खुर्चीत बसवलं. मग जो तो येऊन पेला उंचावू लागला. ढेरपोट्या मुख्याध्यापक "पणजीबाई" म्हणत आला. श्युएहेनं चिकट तांदळाचे हिरवे गोड गोळे पुढे केले आणि कानात म्हणाली, "खाऊन घ्या, तुमची पतवंडं अजून दोन टेबलं शिल्लक आहेत." तांदळाची दारू कोमट होती, बाहेर ऊन होतं, आणि बाईंना उगाचच हसू फुटत होतं. इतकी नातवंडं एका दुपारी कुणाला मिळाली असतील?

पण त्या आल्या होत्या वेगळ्याच कामाला. पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई झाली, की या वर्षी कुळाच्या वंशावळीची पोथी नव्यानं लिहायची होती. ती तीस वर्षांतून एकदा लिहितात. मागच्या पोथीत बाबांच्या नावाखाली दोनच शब्द होते: वंश खुंटला. बाबा सुतार. एके काळी रंधा मारताना मांडीवर एक, पाठीवर एक आणि भुशात लोळणारी एक अशा तीन मुली. ते शब्द वाचून ते घरी आले, नेहमीसारखे जेवले, आणि पुन्हा कधी गावाकडे फिरकले नाहीत. पुढे वारले. पेइझेनबाईंनी जन्मभर पोथ्यांतून गाळलेल्या मुलींच्या संख्येचे अंदाज बांधले, पण खरा राग त्या दोन शब्दांवर होता.

त्यांनी तिघी बहिणींची नावं पोथीत घालायचा विषय काढला. पोथी शौकुइच लिहायचा. त्यानं आधी फोनवर दिलेलं उत्तरच पुन्हा दिलं.

"आत्याआजी, जीव मागा. नियम मोडायला नका सांगू. पोथीत मुली धरत नाहीत."

"मग मी तुझी आत्याआजी कशी रे?"

"कशी म्हणजे? तुमचे वडील नात्यानं माझे पणजोबा. पणजोबांची मुलगी ती आजोबांची बहीण, आणि आजोबांची बहीण ती आत्याआजी. शेंबड्या पोरालाही कळतं."

"पणजोबांचा वंश तर खुंटला. तूच लिहिलंयस."

म्हातारा बोटांवर पुन्हा पिढ्या मोजायला लागला. मुख्याध्यापकानं पेला खाली ठेवला.

"मुलगी धरायची नाही, तर मी इथं कुणीच नाही," पेइझेनबाई उठल्या. डोकं हलकं झालं होतं आणि भीड पार उडाली होती. "परकी बाई. तू वयानं मोठा. म्हणजे मी वाकायलाच हवं."

आणि त्या वाकल्या.

शौकुइ किंचाळलाच. आयुष्य वाचवायचं तर त्याला जास्त खाली वाकणं भाग होतं. तो वाकला. बाई आणखी वाकल्या. तो गुडघ्यावर आला. बाईही गुडघ्यावर आल्या. लोक खुर्च्यांवर चढून बघायला लागले, श्युएहे पदर नव्हता म्हणून एप्रन तोंडात कोंबून हसत होती. शेवटी दोघांची कपाळं फरशीपासून वीतभर अंतरावर आली, तेव्हा म्हाताऱ्याला धाप लागली.

"पुरे, आत्याआजी. माझे गुडघे गेले. लिहितो."

"तिघींना?"

"तिघींना. तुम्ही आधी सरळ व्हा."

दोघांना चौघांनी उचललं. शौकुइनं हसू दाबत शाई मागवली, कुंचला भिजवला, नव्या पानावर बाबांचं नाव काढलं आणि हात अडला. सुताराची थोरली, सुताराची मधली, एवढंच गावाला माहीत होतं. त्यांची नावं तिथं कुणालाच ठाऊक नव्हती.

"पेइयू, पेइलिंग, पेइझेन," बाई म्हणाल्या. आणि त्या हसत राहिल्या. मग त्यांनी थोरलीला फोन लावला. पलीकडे पत्त्यांचा डाव रंगात आला होता.

"ताई, पोथीत तुझं नाव लिहितायत."

"शुद्धीवर आहेस ना? प्यालेली वाटतेस."

"प्यालेय. पण लिहितायत."

थोरलीनं पत्ते खाली टाकल्याचा आवाज आला.

"कुठं लिहितायत गं?" तिनं हळूच विचारलं.

"बाबांच्या नावाखाली. ते शब्द होते ना, बरोब्बर तिथंच."