दार उघडलंच नाही

मी एक दिवाळी अंक आहे. पुण्यात छापला गेलो आणि पार्सलात घुसमटत झाशीला आलो. इथल्या रेल्वे कॉलनीत मराठी घरं मोजकी, म्हणून एकच अंक घरोघर फिरतो. कुणी माझ्यावर चहा सांडतं, कुणी मला उशाशी घेऊन घोरतं. सवय झाली.

फिरत फिरत इंदुमतीबाईंकडे आलो. बाई चौथी शिकलेल्या, बोलायला तिखट. नात शमिकाला मराठी समजतं, बोलते मात्र हिंदी. पोरीच्या कानावर आपली भाषा पडावी म्हणून बाईंनी तिला कशीबशी शेजारी बसवली आणि माझ्यातली पहिलीच कथा वाचायला घेतली.

भाषा काय सुरेख! परागंदा झालेला भाऊ पावसात बहिणीचं दार वाजवतो. शमिकाने मोबाइल उपडा ठेवला. बहीण उठते, कडीला हात लावते. आणि शेवटचं वाक्य: 'मग समुद्राने कूस बदलली.'

"समंदर कहाँ से आया? दरवाज़ा खोला कि नहीं, आजी?"

पुढचं पान फाटलेलं होतं. बाई मला काखोटीला मारून तडक शेजारी गेल्या.

"अरुंधती, कथेचा शेवट फाडलास तू!"

"अगं, चकलीची कृती होती ती!" अरुंधतीबाईंनी कपाटावर चिकटवलेलं पान सोडवून दिलं. पुढे चकली, मागे शंकरपाळे. "कथा तशीच संपते. मी तीनदा वाचली."

"आणि बोलली नाहीस?"

"वाटलं, मलाच अक्कल नाही."

"सगळ्या घरांत हेच वाटलं असणार. छान लिहिलंय, पण मला कळलं नाही. असं म्हणायला लाज कसली?"

घरी शमिका पुन्हा मोबाइलमध्ये होती.

"दुसरी वाचू?" बाईंचा आवाज पहिल्यांदाच मऊ ऐकला मी.

"पहले एंड देखो. दार उघडतं का?"

'दार उघडतं का?' पोरगी चक्क मराठीत बोलली. बाईंनी माझी पानं उलटली, शेवटच्या ओळीवर बोट फिरवलं.

"उघडतं गं."

"तो पढ़ो."

उद्या मी पुढच्या घरी जाईन. कृती हवी तर उतरवून घ्या, पान फाडू नका. आणि लिहिणाऱ्यांनो, तुमचं समुद्राबिमुद्राचं चालू द्या. पण कथेत दार वाजवलंत तर ते उघडा. आत एक पोर कान देऊन बसलेली असते.