फोन उचलायचं बटन

मुखेडच्या बाजारात मोबाइलच्या दुकानात उभं राहिलं की प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. मिहिरला रील काढायला भारी कॅमेरा हवा, लताबाईंना अक्षरं मोठी हवीत. पाशामियाँ टेलरांचं मागणं ऐकून मात्र काउंटरवरची अंजू हसलीच. ते म्हणाले, "कॅमेरा-बिमेरा नको बाई. लेकीचा आलेला फोन आपोआप कटणार न्हाई, असा दे."

अंजूने त्यांचाच फोन तपासला. "चाचा, ह्याला काय धाड भरलीय? ठणठणीत तर हाय."

बिघडला होता तो हात. वर्षभरापासून उजवा हात थरथरत होता. फोन घ्यायला बोट सरकवावं तर ते भलतीकडंच जायचं. लातूरला दिलेली लेक अलीझा फोन करायची आणि तो कटायचा. मग मियाँ उलटा फोन करून थाप मारायचे, रेंज नव्हती बेटा. काल तिचा निरोप आला, "अब्बा, फोन तुम्हीच कापता, मला कळतं. राग असेल तर असू द्या. आता मी करायची न्हाई." एकुलती एक लेक! तेव्हापासून मियाँच्या घशाखाली घास उतरला नव्हता. पण टेलरचा हात थरथरतो हे गावभर व्हायला कितीसा वेळ लागतो? आणि लेक तर मशीनच बंद करायला लावणार.

अंजूने त्यांच्या बोटांकडे पाहिलं, पण बोलली काही नाही. शहाणी पोरगी! सेटिंगमध्ये जाऊन खटपट केली आणि म्हणाली, "फोन आला की हे आवाज वाढवायचं बटन दाबायचं. बोट सरकवायचं कामच न्हाई." तिने स्वतःच्या फोनवरून लावून पाहिला. मियाँनी अंगठ्याने बटन दाबलं आणि फोन उचलला गेला की! "आता लेकीला करायला सांगा," अंजू म्हणाली.

सांगायचं कसं? शेजारी लताबाई उभ्या होत्या, आणि त्यांच्या मुग्धाच्या लग्नाचे ब्लाउज मियाँकडेच शिवायला पडले होते. शेवटी अल्लाचं नाव घेऊन त्यांनी फोन लावला. अलीझाने उचलला, पण बोलेना. रेंजची थाप मियाँच्या जिभेवर आलीच होती, ती त्यांनी गिळली.

"बेटा, राग न्हाई गं. हात थरथरतो माझा. लई दिवस झाले. बोट घसरतं अन् फोन कटतो."

लताबाईंनी चमकून पाहिलं. पाहू देत!

पलीकडे अलीझा रडायलाच लागली. "मग आधी सांगायचं न्हाई का, अब्बा? दहा वेळा कटला तरी अकराव्यांदा केला असता मी."