आज कोण नाही?

"जो आला नाही, त्याचं नाव आधी लिही. आलेला तर समोर दिसतोच आहे."

मित्रांनो, गंगाधर गुरुजींचा हा आवाज अजून माझ्या लाकडात मुरलेला आहे. मी एक जुना फळा आहे. वेल्ह्याच्या डोंगरात एसटी जिथून माघारी वळते, तिथून थोडं चढून गेलं की एक हायस्कूल लागतं. त्याच्या ओसरीवर, मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दाराशी मी टांगलेला असतो. त्यामुळे आतलं बोलणं मला ऐकू येतं आणि बाहेरचं रडणंही.

कुंडलिक सुतारांनी फणसाच्या फळ्या जोडून मला घडवलं. "फणसाचा हाय गुर्जी, पोरांच्या पोरास्नी पुरंल," असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली होती. मग मुलांनी बॅटरीचे जुने सेल फोडले, त्यातली काळी भुकटी पाल्याच्या रसात कालवली आणि मला चोळून चोळून काळंकुळकुळीत केलं. माझ्या माथ्यावर पहिलं अक्षर उमटलं ते 'श्री'. त्याखाली सुविचार. आणि अगदी खाली एक चौकोन, त्यावर लिहिलेलं असे, 'आज कोण नाही?'

हा चौकोन गुरुजींचा नेम होता. जो मुलगा आला नसेल त्याचं नाव तिथं लिहायचं आणि कोणीतरी त्याच्या घरी जाऊन आल्याशिवाय ते पुसायचं नाही. भातलावणीच्या दिवसांत चौकोन पुरत नसे. ओढ्याला पाणी आलं की पलीकडच्या वाडीची सगळी नावं एकदम येत. शाळा सुटली की गुरुजी धोतर खोचून निघायचे. एकदा रखमाजी नावाचं पोरगं त्यांना आंब्याच्या झाडावर सापडलं. "उतर खाली, तुझं नाव तिकडं फळ्यावर वाळत पडलंय!" असं गुरुजी खालून ओरडले म्हणे. रखमाजीनं दुसऱ्या दिवशी स्वतःच येऊन सांगितलं आणि सगळी ओसरी हसली. मीही हसलो असतो, पण आमच्या जातीला ते जमत नाही.

गुरुजी निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी सौदामिनीबाईंना माझ्यासमोर बोलावलं. बाई तेव्हा नवीनच गणित शिकवायला आल्या होत्या. गुरुजींनी त्यांच्या हातावर खडू ठेवला. "बाई, बाकी शाळा कोणीही सांभाळील. हा चौकोन तुम्ही सांभाळा."

"सांभाळीन गुरुजी," बाई म्हणाल्या.

त्यांनी बरीच वर्षं तो सांभाळलाही. मग तुलना आली.

आमच्या संस्थेची चार हायस्कुलं. एक भोर शहरातलं, एक सातारा रस्त्यावरचं, एक नदीकाठच्या बागायती गावातलं आणि चौथं आमचं. दहावीचा चौघांचा निकाल पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत ओळीनं प्रत्येक शाळेच्या फळ्यावर लागला पाहिजे, असा संस्थेनं हुकूम काढला. कायमच्या ओळी आखायच्या तर जागा हवी. म्हणून माझा चौकोन खरवडला आणि पांढऱ्या ऑइलपेंटनं चार ओळी ओढल्या. चौथ्या ओळीत आमचं नाव वर्षानुवर्षं असं बसलं, जणू रंगानंच लिहिलेलं.

भोरच्या फळ्याला मी कधी पाहिलेलं नाही. तो काचेआड असतो म्हणे. तिथली मुलं शाळा सुटल्यावर क्लासला जातात, आमची मुलं लावणीला भाताच्या आवणात उतरतात. ते टक्क्यांच्या पुढं लिहायला संस्थेनं रकाना ठेवला नव्हता.

मग इंद्रजित सर मुख्याध्यापक होऊन आले. माणूस वाईट नव्हता, मित्रांनो. पण प्रत्येक मीटिंगहून परतले की त्यांचा चेहरा उतरलेला असे. "बाई, तिथं मला शेवटच्या खुर्चीत बसवतात, चहासुद्धा शेवटी देतात," ते सांगायचे. "भोरचे सर सगळ्यांसमोर विचारतात, काय हो, तुमचा निकाल डोंगर उतरायला कधी लागणार? आणि हसण्यावारी नेऊ नका. अजून दोन वर्षं असंच गेलं तर ही शाळा उठवतील. मग या पोरी जातील कुठं?"

त्यांनी वाट शोधली ती सतरा नंबरची. सतरा नंबर म्हणजे शाळा सोडलेल्यांनी दहावीला बाहेरून बसायचा अर्ज. नववीतल्या कच्च्या मुलांच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला द्यायचा आणि सांगायचं, सतरा नंबर भरा. मूल नापास झालं तरी शाळेच्या निकालात धरलं जात नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये बाळाबाई ओसरीवर आल्या. त्यांची नूतन गणितात कच्ची होती, कारण लावणीत आणि कापणीत ती नसायचीच. सरांनी आदल्या दिवशी तिच्या हाती दाखला दिला होता. बाळाबाईंच्या हातात ताटली होती आणि ताटलीत गूळ-खोबरं.

"सर, घ्या की! पोरीला दाखला दिलासा."

सर गडबडले. "अहो, बाळाबाई, हा तसा दाखला नव्हे..."

"आवो, उत्पन्नाच्या दाखल्याला आमी तालुक्याला किती खेटं मारलं! हितं तुमी मागितल्याबिगर दिला. आन् सतरा नंबर आलाय म्हनं तिचा? येवढ्या पोरांत सतरावी! लई झालं की वो. तिच्या बापाच्या सात पिढ्यांत कुणाचा नंबर न्हाई आला."

सरांजवळ उभ्या असलेल्या सौदामिनीबाईंनी नूतनकडं पाहिलं. ती आईच्या मागं उभी होती. तिला वाचता येत होतं. कागदावर काय लिहिलंय ते तिला कालच कळलं होतं आणि आईचा चेहरा पाहून तिनं ते गिळलं होतं.

"घ्या ना बाई," नूतन हळूच म्हणाली.

बाईंनी गूळ घेतला. जाताना तिला पायरीवर गाठून म्हणाल्या, "गणित मी घेईन तुझं. घरी येईन. शब्द देते."

पण शंभर टक्के करायचे म्हणजे उरलेल्या मुलांचे जादा तास, सराव परीक्षा. बाईंचे शनिवार गेले, रविवार गेले. पावसाळा गेला, थंडी गेली. चढणीवरच्या नूतनच्या घराकडं त्या रोज बघत, हे मला ओसरीवरून दिसायचं. बघणं म्हणजे जाणं नव्हे.

यंदा निकाल लागला. चौथी ओळ पुसून आमचं नाव पहिल्या ओळीत आलं. शंभर टक्के! मला झेंडूचा हार घातला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणी माझ्या गळ्यात काही घातलं होतं आणि ते मला जड झालं. कारण मला नावं आठवत होती. पलीकडच्या वाडीची, ओढ्याकाठची, ज्यांना या शंभरात कोणी मोजलंच नाही ती.

पेढे वाटले जात असताना नूतन आली. भाताच्या रोपांसाठी शेतात पालापाचोळ्याचा राब भाजून आलेली, हात राखेनं काळे. घरी मोबाईलला रेंज नव्हती म्हणून निकाल विचारायला आलेली. शिपायानं तिच्याही हातावर पेढा ठेवला. बाईंनी आपल्या मोबाईलवर तिचा परीक्षेचा नंबर टाकला. आलेला निकाल त्यांनी पुन्हा एकदा वरून खाली सरकवून पाहिला.

"गणितात गेले ना?" नूतननं विचारलं.

बाईंनी मान हलवून हो म्हटलं.

नूतननं माझ्याकडं पाहिलं, चारही ओळी वाचल्या. "बाई, मी नापास झाले ती कुठल्या शाळंत धरत्यात?"

पेढा तसाच मुठीत धरून नूतन चढणीला लागली.

मित्रांनो, मला रंग लावा अगर लावू नका, हार तर नकोच. मी फळा आहे, जे लिहाल तेच मी दाखवतो. पण तुमच्या शाळेच्या फळ्यावर मोठा आकडा दिसला, तर टाळ्या वाजवण्याआधी एकदा आपल्या वर्गात नजर फिरवा आणि शेजारची कोणती जागा रिकामी आहे ते बघा. न आलेल्याची चौकशी करणं ही शाळेची पूजा आहे. ती चुकली तर माथ्यावरच्या 'श्री'ला काय अर्थ?

गर्दी पांगली तशा सौदामिनीबाई माझ्यापाशी आल्या. हार त्यांनी उतरवून खुंटीला लावला. खडू पाण्यात बुडवला. ओल्या खडूचं अक्षर सहज जात नाही. माझ्यावर जागा नव्हती. शंभर टक्क्यांच्या खाली, चौकटीला लागून, त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, 'आज कोण नाही? नूतन.'

सर बाहेर आले. "बाई, हे काय? पेपरवाले फोटोला येतायत. पुसून टाका ते."

"पुसेन ना सर," बाई नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाल्या. "जाऊन आले की पुसेन."

सर दारातच थांबले. डस्टर माझ्या चौकटीवर त्यांच्या हाताशीच होतं. त्यांनी ते उचललं नाही.

बाईंनी कपाटातून गणिताचं पुस्तक काढलं, दोन खडू पदराच्या टोकाला बांधले, ओसरीच्या कडेला चपला घातल्या आणि नूतन गेली त्या वाटेनं चढायला लागल्या.